टॉप किती मारते? (प्रस्तावना)

चिचगडच्या चौकात नवी मोटारसायकल उभी राहिली की तिच्याबद्दल दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पन्नाशीच्या पुढचा माणूस टाकीवर हात ठेवतो आणि म्हणतो, "अ‍ॅव्हरेज किती देते गा?" विशीच्या आतला पोरगा मीटरवर वाकतो आणि म्हणतो, "टॉप किती मारते?" पहिल्या प्रश्नाला मालक दहा किलोमीटर वाढवून उत्तर देतो, दुसऱ्याला वीस. कोणी हरकत घेत नाही. गाडीच्या बाबतीत एवढी सूट आपल्याकडे सर्वांनाच असते.

हे पुस्तक दुसऱ्या प्रश्नावर आहे. तो थिल्लर समजून पोराला गप्प करण्याची रीत आहे आणि ती मला कधी पटली नाही. टॉप स्पीड ही गाडीविषयीची अगदी रास्त चौकशी आहे. गाडीत किती जोर आहे, तो कशात खर्ची पडतो आणि कुठे संपतो, हे सगळं त्या एका आकड्यात असतं. अडचण एवढीच की पोरगा तिथेच थांबतो. गाडी ९० मारते हे कळलं की त्याचं समाधान होतं. ते ९० ती किती वेळ मारू शकते, तेवढा वेळ इंजिनाचं, टायरचं आणि वर बसलेल्याचं काय होतं, हे तो विचारत नाही. आपल्याकडच्या अपघातांची आणि बसलेल्या इंजिनांची बरीचशी कारणं या न विचारलेल्या अर्ध्या प्रश्नात आहेत.

आधी विचारलेला अर्धा भाग घेऊ. सपाट रस्त्यावर गाडीला अडवणारी मुख्य गोष्ट म्हणजे हवा. चाकांचं घर्षण असतंच, पण ते वेगाबरोबर फारसं वाढत नाही. हवेचा रेटा मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो सारत पुढे जायला लागणारी ताकद घनाने. वेग दुप्पट हवा असेल तर ताकद आठपट पाहिजे. आपल्याकडे घरोघरी असलेल्या ९७ सीसीच्या हिरो स्प्लेंडरवर हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ताठ बसलेला एक स्वार धरला तर ताशी ४५ च्या वेगाला साधारण दीड हॉर्सपॉवर पुरते. ६० ला तीन लागते. ८५ ला साडेसातच्या घरात जाते. कंपनीने इंजिनाला दिलेली ताकद आहे जेमतेम आठ हॉर्सपॉवर, त्यातली थोडी चेन-गिअरमध्येच जिरते. म्हणून ती गाडी ८५-९० च्या आसपास थकते. तिथून आणखी फक्त दहा किलोमीटर वाढवायचे तर अडीच हॉर्सपॉवर जास्त लागेल आणि ती इंजिनात नाही. मूठ कितीही पिळा, आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. टाकीवर आडवं झोपून पोरं पाच-सात किलोमीटर जास्त काढतात ते इंजिनाकडून नव्हे. त्यांची छाती वाऱ्यातून बाजूला होते म्हणून.

जगातल्या मोठ्या आकड्यांनाही हाच हिशेब लागू पडतो. १९९९ साली सुझुकीची हायाबुसा आली आणि तिने ताशी ३०० ची रेषा ओलांडली. वेगाची ही चढाओढ आता सरकारं कायद्याने बंद करतील या धास्तीने मोठ्या कंपन्यांनी आपसांत समजुतीने २९९ वर थांबायचं ठरवलं. त्यानंतरच्या हायाबुसांच्या वेगाला कारखान्यातच लगाम घातला गेला. पुढे २०१६ च्या जूनअखेरीस तुर्कस्तानचा रेसर केनान सोफुओग्लू याने एका नव्याकोऱ्या पुलावर, रहदारीला खुला होण्याआधी, कावासाकी एच-टू-आर ही गाडी २६ सेकंदांत ४०० पर्यंत नेली. ती गाडी ३१० हॉर्सपॉवरची, आपल्या स्प्लेंडरच्या जवळजवळ चाळीसपट. वेग साडेचारपटीहून थोडा जास्त. घनाचा नियम लावला तर शंभरपट ताकद लागायला हवी होती. चाळीसपटीत भागलं, कारण उरलेलं काम गाडीच्या आवरणाने आणि तिच्यावर गोगलगायीसारख्या चिकटलेल्या स्वाराने केलं. ४०० च्या गाडीवर माणूस आपल्यासारखा ताठ बसलेला नसतो.

मीटरविषयीही दोन शब्द. वेगाचा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी कधी दाखवायचा नाही, जास्त दाखवला तर चालेल, अशी आंतरराष्ट्रीय नियमांतच तरतूद आहे. कंपन्या साहजिकच जास्तीच्या बाजूला राहतात. त्यामुळे मीटरवरचे शंभर म्हणजे रस्त्यावरचे नव्वद-पंच्याण्णव असू शकतात, आणि त्यात उतार व पाठीवरचा वारा मिळाला तर आकड्याला काहीच अर्थ उरत नाही. विक्रम मोजणारे म्हणूनच दोन्ही दिशांनी गाडी धावायला लावतात आणि सरासरी काढतात. मीटरच्या तबकडीवर छापलेला शेवटचा आकडा तर निव्वळ छपाईचा भाग. त्यावरून टॉप स्पीड सांगणाऱ्यांनी हे पुस्तक आधी वाचावं.

वेगाचं हे वेड आपल्याकडे आलं कधी, याची तारीख सांगता येत नाही, पण १९८५ हे साल विसरता येत नाही. त्या एकाच वर्षी हिरो होंडाची सीडी-१०० आणि यामाहाची आरएक्स-१०० बाजारात आल्या. दोन्ही शंभर सीसीच्या, आणि स्वभावाने सख्ख्या वैरिणी. एक फोर-स्ट्रोक, पेट्रोल वास घेऊन चालणारी. दुसरी टू-स्ट्रोक, अकरा हॉर्सपॉवरची, शंभरला हात लावणारी. चौकातले ते दोन प्रश्न खरं तर या दोन गाड्यांनी शिकवले. २००१ मध्ये बजाजने पल्सर काढली आणि स्कूटरवाल्या पुण्याच्या कंपनीने पोरांच्या हातात दोन्ही गोष्टी एकदम दिल्या. मग २००४ साली 'धूम' आला. त्याने गाडी विकत घ्यायला पैसे दिले नाहीत, पण मूठ पिळायला शिकवलं. आज चाकणच्या कारखान्यांतून चाळीसच्या पुढच्या हॉर्सपॉवरच्या, दीडशे सहज ओलांडणाऱ्या गाड्या बाहेर पडतात, आणि त्यांतली एखादी देवरीमार्गे चिचगडलाही येते.

आता न विचारलेला अर्धा भाग.

झाडीपट्टीला वेग नवा नाही. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि तिच्या मागोमाग शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती. मध्यंतरी २०१४ च्या बंदीने पट थांबले होते. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केली आणि २०२३ च्या मे महिन्यात त्यावर शिक्कामोर्तब झालं. पटावर बैलजोडीचा हिशेब सेकंदांत होतो. जोडी सुटते, धुरळा उडतो, आणि बघणाऱ्याने पापणी मिटून उघडेपर्यंत ती पल्याड गेलेली असते. त्या जोडीचा मालक तिला दुसऱ्या दिवशी त्याच वेगाने देवरीपर्यंत पळवत नाही. पळवणाऱ्याला गावात कोणी शहाणा म्हणणार नाही. बैलाचा दम आणि बैलाचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. मोटारसायकलवर बसला की तेवढं तो विसरतो. लोखंडाला दम लागत नाही अशी त्याची समजूत असते.

लोखंडाला दम लागतो. बर्ट मन्रो या न्यूझीलंडच्या माणसाची गोष्ट या बाबतीत सांगण्यासारखी आहे. त्याच्याकडे १९२० सालची 'इंडियन' कंपनीची 'स्काउट' गाडी होती. मुळात ती धावायची ताशी ८८ च्या आसपास, म्हणजे आपल्या स्प्लेंडरइतकीच. मन्रोने अख्खं आयुष्य तिच्यावर घालवलं. पिस्टन घरी ओतले, कनेक्टिंग रॉड हाताने घासून बनवले, आणि १९६७ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर ती २९६ पर्यंत नेली. हे सगळे जण सांगतात. त्याच्या शेडमध्ये एक फळी होती आणि तिच्यावर फुटलेले, वितळलेले, भोकं पडलेले पिस्टन रांगेने मांडलेले होते, हे कमी लोक सांगतात. वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य, असं त्याने त्या फळीचं नाव ठेवलं होतं. आणि त्याची धाव होती काही मैलांची, काही मिनिटांची.

आपल्या गाडीत त्याच गोष्टी घडतात, फक्त सावकाश. स्प्लेंडरच्या पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे वर-खाली जाण्याचा पल्ला, ४९.५ मिलिमीटरचा आहे. टॉपच्या जवळ इंजिन मिनिटाला साधारण ८,००० फेरे घेतं. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन दोनदा पूर्ण थांबतो, वर एकदा आणि खाली एकदा, आणि पुन्हा उलट दिशेने सुटतो. म्हणजे मिनिटाला १६,००० वेळा थांबणं आणि सुटणं. तासाला इंजिनाचे ४ लाख ८० हजार फेरे. ५,००० फेऱ्यांवर पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवर जो ताण येतो त्याच्या अडीचपट ८,००० वर येतो, कारण हा ताणही वर्गाने वाढतो. आणि या सगळ्याच्या मध्ये काय असतं? एक लिटरपेक्षा कमी ऑइल. तेच ऑइल पिस्टनला वंगण देतं, तेच गिअरला, तेच क्लचला, आणि तेच आतली उष्णता बाहेरच्या पत्र्यापर्यंत आणतं. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला पाणी नाही, पंखा नाही. समोरून येणारा वारा हाच त्याचा पंखा. मे महिन्यात विदर्भात तो वारा ४५ अंशांचा असतो.

गॅरेजच्या बाकावर अशा इंजिनाचा पिस्टन बघावा. मिस्त्री तो रॉकेलने पुसून हातात देतो. एका बाजूने तो आरशासारखा गुळगुळीत असतो. सायलेन्सरकडच्या बाजूला वरपासून खालपर्यंत उभे चरे पडलेले असतात, नखाने मोजता येतील एवढे खोल. रिंगा आपल्या खाचेत चिकटून बसलेल्या, हलत नाहीत. बाजूला काढून ठेवलेलं ऑइल डांबरासारखं, आणि होतं त्यापेक्षा अर्धं. "कुठून आणली?" मिस्त्री विचारतो. "नागपूरहून." "थांबला कुठे?" "नाही थांबलो, एका दमात." मिस्त्री पुढे काही बोलत नाही, बोअरच्या खर्चाचा आकडा सांगतो.

हे घडण्याआधी गाडी सांगत असते. मूठ पूर्ण पिळलेली असूनही वेग हळूहळू पडायला लागतो. इंजिनाच्या आवाजात एक कोरडी खणखण येते. गरम पत्र्याचा वास येतो. त्या वेळी मूठ सोडली, सावलीत गाडी लावली आणि अर्धा तास बसलं तर बऱ्याचदा भागतं. नाही सोडली तर पिस्टन जाम होतो आणि मागचं चाक एकाएकी बसतं. ८० च्या वेगात मागचं चाक बसलं की हातात फक्त क्लच उरतो. तो ताबडतोब दाबता आला तर चाक सुटतं. जुन्या, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळाव्या लागणाऱ्या टू-स्ट्रोक गाड्यांची तर आणखी एक खोड होती. लांब उतारावर वेगात असताना मूठ बंद केली की पेट्रोलबरोबर ऑइलही बंद व्हायचं आणि चढावर टिकलेलं इंजिन उतारावर जाम व्हायचं. राजदूतवर दूध वाहणाऱ्यांना हे कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होतं.

टायरचं प्रकरण या पुस्तकातलं सर्वांत उपयोगी प्रकरण आहे असं मी म्हणेन, कारण ते वाचून लगेच बाहेर जाऊन काही तपासता येतं. टायरच्या बाजूला मापाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं. तो टायर सतत किती वेग सोसू शकतो हे ते अक्षर सांगतं. 'जे' म्हणजे १००, 'एल' म्हणजे १२०, 'पी' म्हणजे १५०, 'एस' म्हणजे १८०, 'एच' म्हणजे २१०. स्प्लेंडरसारख्या गाडीला कंपनी 'पी' देते, तिच्या टॉप स्पीडच्या मानाने भरपूर. मग काळजी कशाची? ते अक्षर खरं ठरतं ते हवा बरोबर असताना आणि वजन मर्यादेत असताना. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, जास्त उलगडतो, आणि त्या दबण्या-उलगडण्यातून उष्णता तयार होते. वेग जितका जास्त तितके फेरे जास्त. खाली उन्हाने तापलेला सिमेंटचा रस्ता, वर तिघं आणि धानाचं अर्धं पोतं. ट्यूबचा टायर अशा वेळी पंक्चर झाला तर हवा हळू निघत नाही, एकदम जाते. चिचगडमध्ये पंक्चरवाल्याकडे हवा भरायला पैसे लागतात ते चहापेक्षा कमी. तरी लोक अंगठ्याने दाबून "बरी आहे" म्हणतात.

आता वर बसलेल्या माणसाकडे. ताशी ९० ला गाडी आणि स्वार मिळून वाऱ्याचा रेटा २२-२३ किलो वजनाइतका असतो, आणि समोर काच नसलेल्या गाडीवर त्यातला मोठा वाटा छाती, खांदे आणि डोकं घेतात. हे ओझं दंडांनी आणि मानेने धरून ठेवायचं असतं. पाच मिनिटं काही वाटत नाही. तासाभराने हँडल धरलेल्या बोटांना मुंग्या येतात, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. इंजिनाची थरथर मनगटातून आत जाते आणि तिथल्या नसांना ती सोसत नाही. २०२१ मध्ये अ‍ॅपल कंपनीने आपल्या ग्राहकांना सूचनाच दिली की मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलच्या हँडलला फोन लावू नका, थरथरीने कॅमेरा बिघडू शकतो. फोनसाठी सूचना निघाली. मनगटासाठी ती आपणच काढायची.

आवाजाचा विचार तर कोणी करतच नाही. पोरं सायलेन्सरचा आवाज मोजतात. कानाला त्रास होतो तो वाऱ्याचा. शंभरच्या आसपास हेल्मेटच्या आतसुद्धा हा आवाज नव्वद ते शंभर डेसिबलवर जातो. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत ९० डेसिबलला आठ तासांची मर्यादा आहे आणि १०० डेसिबलला फक्त दोन तासांची. नागपूर-देवरी वेगात केल्यावर घरी आल्यानंतर कानात जो घूं घूं आवाज राहतो तो थकवा नसतो, कानाने केलेली तक्रार असते. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे बोळे कानात घातले तर हॉर्न ऐकू येतो आणि वाऱ्याची धार जाते. आपल्याकडचा दुपट्टा हेही उत्तम साधन आहे. डोक्याला आणि कानाला घट्ट बांधून वर हेल्मेट घालणारी विदर्भातली पद्धत कुठल्या परदेशी पुस्तकात नाही, पण ऊन, धूळ आणि वारा या तिघांवर ती चालते. दुपट्ट्याला हेल्मेट समजणाऱ्यांबद्दल मात्र मी इथे बोलत नाही.

उन्हाचीही एक फसवणूक आहे. बाहेर ३० अंश असताना वेगाने वारा लागला की बरं वाटतं. माणसाच्या कातडीचं तापमान ३४-३५ अंश असतं. हवा ४४ अंशांची झाली की तोच वारा अंगाला उष्णता द्यायला लागतो. थंडावा मिळतो तो फक्त घाम वाळल्याने, आणि वेगात तो इतक्या झटकन वाळतो की घाम आला हेच कळत नाही. अंगातलं पाणी जात राहतं, कपडे कोरडे राहतात. दोन तासांनी माणूस चिडचिडा होतो, अंतराचा अंदाज चुकतो, आणि त्याला वाटतं आपण ठीक आहोत. मे महिन्यात वेग वाढवून थंड होता येत नाही.

मात्र या सगळ्यापेक्षा मला महत्त्वाची वाटते ती डोळ्यांची सवय, आणि त्यासाठी चिचगडइतकी चांगली जागा दुसरी नाही. सुरतेकडून येऊन नागपूर, रायपूर करत ओडिशाच्या किनाऱ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३, ज्याला जुनी माणसं अजून सहा नंबरच म्हणतात, देवरीतून जातो. नागपूर आणि रायपूर यांच्या साधारण मध्यावर देवरी. बुटीबोरी-हिंगण्याला कामाला असलेला पोरगा सणाला निघतो, दीड-दोन तास चौपदरी रस्त्यावर ८० ने येतो आणि देवरीला वळून चिचगडच्या रस्त्याला लागतो. पुढे वीस-पंचवीस किलोमीटर जंगल, धानाच्या बांध्या, गावं. इतका वेळ ८० ला सरावलेल्या डोळ्याला ६० हे ३०-४० सारखे वाटतात. मेंदू वेग मोजतो तो आधीच्या वेगाशी तुलना करून. मीटर बघितलं नाही तर माणूस प्रामाणिकपणे सांगेल, "मी हळूच होतो." तो खोटं बोलत नसतो.

आणि तो रस्ता महामार्ग नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला निघालेल्या बाया टोपल्या घेऊन रस्त्याच्या कडेने असतात. मे महिन्यात तेंदूपत्त्याचे भारे. कापणीनंतर अर्ध्या डांबरावर धान वाळत घातलेलं असतं, कडेला दगड लावून. संध्याकाळी गुरं परततात. रात्री चितळ, रानडुक्कर, रोही. आणि मंडईच्या दिवसांत झाडीपट्टीची नाटकं. रात्री दहाच्या पुढे सुरू होणारं नाटक पहाटे संपतं आणि त्यानंतर एकेका गाडीवर तिघं-तिघं, थंडीने कुडकुडत, अर्धवट झोपेत, घराकडे निघतात.

इथे एक हिशेब करावा. काहीतरी दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. साध्या गाडीचा चांगला ब्रेक धरला तर ताशी ६० वरून थांबायला एकूण ५३ मीटर लागतात. ८० वरून ८३. ९० वरून १००. छोट्या गाडीच्या खालच्या लाइटात कामाचं दिसतं ते तीस-चाळीस मीटर. आता उलटा हिशेब करा. तीस मीटरमध्ये थांबायचं असेल तर वेग ४१ पाहिजे, चाळीसमध्ये थांबायचं असेल तर ५०. म्हणजे चिचगडच्या रस्त्यावर रात्रीचा टॉप स्पीड ४५ च्या आसपास आहे, मग खाली स्प्लेंडर असो की चाकणहून आलेली चाळीस हॉर्सपॉवरची गाडी. त्यापुढचा प्रत्येक किलोमीटर न दिसणाऱ्या रस्त्यावर चालवलेला असतो. रोही रस्त्यावर उभा राहिला की हलत नाही, लाइटकडे बघत राहतो. दोनशे किलोचं जनावर.

वेळेचा हिशेबही प्रामाणिकपणे मांडायला हवा. देवरी-नागपूर साधारण १४० किलोमीटर. ६० ने दोन तास वीस मिनिटं, ८० ने पावणेदोन तास. पस्तीस मिनिटं वाचतात, आणि ती काही थोडी नाहीत. वेगाने काहीच मिळत नाही असं सांगणारे लोक पोरांचा विश्वास गमावतात. पण देवरी-चिचगडमध्ये ६० ऐवजी ८० ने गेल्यास सहा मिनिटं वाचतात. धोका जिथे सर्वांत जास्त तिथे फायदा सर्वांत कमी, एवढं मी सांगतो. पेट्रोलचंही बघा, म्हणजे चौकातला पहिला प्रश्नही इथे येतो. ४५ च्या तुलनेत ८० ला प्रत्येक किलोमीटरमागे इंजिनाला जवळजवळ अडीचपट काम करावं लागतं. मायलेज तितकं पडत नाही, कारण भार पडल्यावर इंजिन पेट्रोल जरा काटकसरीने जाळतं. तरी पडतं, आणि ते भरताना खिशाला कळतं.

कायद्याबद्दल थोडक्यात. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारसायकलला ८० ची मर्यादा आहे, इतर रस्त्यांवर ६० ची. ज्या रस्त्यांवर गाड्या खरंच पळतात तिथे, म्हणजे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर, मोटारसायकलला प्रवेशच नाही. म्हणजे महाराष्ट्रात बनलेली १६० ची गाडी महाराष्ट्रातल्या कोणत्याही सार्वजनिक रस्त्यावर कायद्याने १६० ने चालवता येत नाही. ज्याला खरंच चालवायची हौस आहे त्याच्यासाठी शर्यतीचे ट्रॅक आहेत, तिथे समोरून बैलगाडी येत नाही. दुसरी बाजू अशी: २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांत ४४.५ टक्के दुचाकीवरची होती, आणि एकूण मृत्यूंपैकी ७१ टक्क्यांच्या पुढे कारण म्हणून अतिवेगाची नोंद आहे. या आकड्यांचा मी पोरांना भीती घालायला वापर करत नाही. भीती चार दिवस टिकते. हिशेब समजला तर जास्त टिकतो, अशी माझी समजूत आहे.

पुस्तकाची रचना त्याच समजुतीवर आहे. पहिल्या भागात इंजिन, वारा आणि गिअर यांचं गणित आहे. दहावीचं विज्ञान ज्याला आठवतं त्याला ते जड जाणार नाही, आणि ज्याला आठवत नाही त्याने तक्ते तेवढे बघावेत. मधला भाग गाडीच्या देखभालीचा. ऑइल कधी बदलायचं, चेन किती सैल ठेवायची, टॅपेटचा आवाज कसा ओळखायचा, हे त्यात आहे. मिस्त्री लोकांनी तो वाचून चुका दाखवाव्यात. शेवटचा भाग माणसाचा, आणि तो सर्वांत लांब आहे. स्टंट कसे करावेत, सायलेन्सर कसा कापावा, वेगाचा लगाम कसा काढावा, याबद्दल पुस्तकात एक ओळ नाही. ती शोधणाऱ्याने पैसे वाया घालवू नयेत.

वाचकाला माझी विनंती लहान आहे. लांबून येत असाल तर देवरीला महामार्ग सोडल्यावर दहा मिनिटं गाडी उभी करा. पाणी प्या, हेल्मेटची काच पुसा, टायरवर हात ठेवून बघा. आणि पुन्हा निघाल्यावर पहिली दोन किलोमीटर वेगाचा अंदाज डोळ्यावर सोडू नका, मीटर बघून चालवा.